धर्माच्या नावाने केलेली तक्रार

पेशवाई मोडत असतानाच, ११ फेब्रुवारी १८१८ रोजी, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून एक जाहीरनामा काढला. वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांचे उत्पन्न पूर्ववत चालेल, कोणाच्या धर्माला धक्का लागणार नाही, अशी हमी त्यात रयतेला दिली होती. चाळीस वर्षांनी, १ नोव्हेंबर १८५८ ला, व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्याने धर्माविषयीची तीच हमी सगळ्या हिंदुस्थानला दिली. चिंचवडला या हमीचे मोल कळत होते. मोरया गोसावींच्या समाधीमुळे नावारूपाला आलेले हे गाव. इथल्या देव घराण्याची इनामे मराठी राज्यकर्त्यांनी दिलेली, आणि राज्य बदलले तरी मंगलमूर्तीची पूजाअर्चा चालू राहिली. याच गावच्या एका कीर्तनकाराच्या मुलांनी १८९७ साली त्याच सरकारवर आरोप ठेवला की, तुम्ही आमच्या धर्मात हात घातलात. चापेकर बंधूंची हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. ती पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. मला विचार करायचा आहे तो त्या आरोपाचा. पुण्यात त्या वर्षी अन्याय झाला यात शंका नाही. पण तो धर्मावर झालेला अन्याय होता का? मला वाटते, अन्याय निराळाच होता, आणि तो धर्माच्या नावाने सांगावा लागला याचे कारण त्या दोन जाहीरनाम्यांतच सापडते.

परक्या सरकारने स्वतःचे हात ठळकपणे बांधून घेतले ते एकाच बाबतीत, धर्माच्या. राणीच्या जाहीरनाम्यात जमिनीच्या हक्कांचा मान राखण्याची आणि नोकऱ्यांत वंशभेद न करण्याची भाषा होती हे खरे. पण त्या वचनांचा अर्थ लावायचा तो सरकारनेच. कर किती घ्यावा, फौज कुठे पाठवावी, कायदा कोणता करावा, याबद्दल रयतेला विचारले जाईल असे कुठेच म्हटले नव्हते. अशा राज्यात गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्यापुढे दोन वाटा उरतात. ‘तुम्ही मला न विचारता हे केलेत’ असे तो म्हणाला, तर सरकार म्हणणार, विचारायचे ठरलेच कधी होते? ‘तुम्ही माझा धर्म बुडवलात’ असे म्हणाला, तर मात्र सरकारला आपल्याच शब्दाचा जाब द्यावा लागतो. माणूस उघड्या दाराकडेच जाणार. १८५७ मध्ये शिपायांच्या मनात भत्ते, बढत्या, अवधचे खालसा होणे असे पुष्कळ साचलेले होते, पण सर्वांच्या तोंडी आले ते काडतूस. कोणी तसे योजून केले असे नव्हे. ज्या एका तक्रारीला सरकारदरबारी किंमत होती, तिच्यात बाकीच्या साऱ्या तक्रारी येऊन मिळत गेल्या, इतकेच.

आता १८९७ कडे पाहू. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघडकीला आला आणि काही महिन्यांत पुण्यात शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा मंजूर झाला. वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे पुण्याच्या प्लेग समितीची सूत्रे आली आणि १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेत फिरल्या. काखेत-जांघेत गाठी तपासणे, संशयिताला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेणे, सामानसुमान जाळणे, जमिनी उकरणे असा तो कार्यक्रम होता. बायकांची तपासणी उघड्यावर होते, देवघरात बूट शिरतात, चीजवस्तू नाहीशा होतात, अशी ओरड सगळीकडून आली. या कायद्याची कलमे अवघी चार होती. दुसऱ्या कलमाने सरकारला वाटेल तो उपाय योजण्याचा अधिकार दिला, तिसऱ्याने तो न मानणाऱ्याला शिक्षा सांगितली, आणि चौथ्याने असे ठरवले की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. माझ्या मते १८९७ चा सारा अन्याय या चौथ्या कलमात आहे. बूट देवघरात गेले हे वाईटच; पण ते का गेले हे विचारण्याची जागाच कायद्याने बंद केली होती.

तक्रार करू पाहणाऱ्यांचे काय झाले ते बघितले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रांतून शिपायांवर स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणारे पुढे येईनात आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यांच्या माफीला पुष्कळांनी भ्याडपणा म्हटले. मला त्यात वेगळे दिसते. जिथे साक्षीदाराला संरक्षण नाही, चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी करायची तो एकच, तिथे खरे गाऱ्हाणेसुद्धा अफवेच्या पातळीवर राहते. ज्यांनी मोठ्याने बोलायचे ठरवले त्यांची गत आणखी वाईट झाली. चापेकरांनी केलेल्या रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत ठेवले गेले आणि टिळकांना सप्टेंबरमध्ये राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली.

हा धर्मावरचा घाला नव्हता असे मी म्हणतो, त्यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ज्याच्या घरात सोवळेओवळे पाळले जाते, त्याच्या देवघरात परका शिपाई शिरणे ही त्याच्यापुरती धर्माचीच जखम नाही का? आहे, आणि ती खोटी ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण जखम कुठली हे औषधावरून ओळखता येते. समजा, सरकारने गोऱ्या शिपायांऐवजी स्नान केलेले, सोवळे नेसलेले, ब्राह्मण शिपाई पाठवले असते. त्यांनी देवघर सोडून सारे घर उकरले असते, माणसे छावणीत नेली असती आणि चौथे कलम जागच्या जागी राहिले असते. पुणे शांत राहिले असते का? मला तसे वाटत नाही. दुसरे असे की, झडती काही वाड्यांचीच झाली नाही. ज्यांना त्या सोवळ्यातल्या देवघरांपासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले होते, त्यांच्या झोपड्यांतही पथके शिरली. त्यांची भांडीकुंडी रस्त्यावर आली तेव्हा कोणते सोवळे मोडले? मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात मुसलमान विणकरांनी एका आजारी मुलीला नेऊ दिले नाही आणि त्यातून दंगल उसळली. पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकामुलींच्या हालांबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहिले ते पंडिता रमाबाईंनी. त्या ख्रिस्ती, सरकार ख्रिस्ती, तिथे धर्मात हस्तक्षेप म्हणण्याची सोयच नव्हती, आणि तरी त्यांचे गाऱ्हाणे तेच होते. इतक्या वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना एकाच वेळी लागते ती गोष्ट त्यांतल्या कोणा एकाच्या धर्माची असू शकत नाही.

मग धर्माच्या नावाने बोलल्याने बिघडले काय, असे कोणी विचारील. गाऱ्हाणे खरे असले तर ते कोणत्या दारातून आत आले याची एवढी चिकित्सा कशाला? बिघडले ते असे की, दार माणसाला आपल्या मापाचे करून घेते. दामोदर हरी चापेकरांनी येरवड्याच्या तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त वाचताना हे सारखे जाणवते. रँड धर्माचा शत्रू झाला म्हणून त्याला मारले असे ते सांगतात. पण प्लेगची हकीकत त्यात पुष्कळ उशिरा येते. आधीचा बराच राग सुधारकांवर आहे: त्यांच्यावर घातलेले हल्ले, त्यांच्या सभामंडपांवरची नजर. राणीच्या पुतळ्याला डांबर फासण्याच्या ओळीतच आपल्या माणसांना दिलेला मार येतो. परक्या सरकारविरुद्धची तक्रार एकदा ‘धर्मात हात घालू नका’ अशी मांडली की सरकार आणि सुधारक यांच्यात फरक उरत नाही. दोघेही हात घालणारेच. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवरच्या हल्ल्यात लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. प्लेगचे धोरण त्याने ठरवले नव्हते. पुढे फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांनी खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. फासावर जाणाऱ्या या चौघा तरुणांच्या, तिघा चापेकर बंधूंच्या आणि रानड्यांच्या, धैर्यापुढे कोणीही नम्र व्हावे. पण ज्या दोषासाठी रँडला दोषी धरायचे, म्हणजे कोणालाही उत्तर द्यायला न लागता दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घेणे, तो दोष पिस्तुलात तसाच्या तसा उतरतो हेही म्हटले पाहिजे.

या दाराचा फटका सर्वांत जास्त बसला तो घरातल्यांनाच. रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला आणि १८८४ पासून तो खटला गाजला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा. दोन्ही वेळा विरोधाचा मुख्य सूर हाच की परक्या सरकारने घरात शिरू नये. टिळकांसारखा माणूससुद्धा म्हणत होता की सुधारणा आपली आपण करू, सरकारच्या हातून नको. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी सहज बाजूला सारत नाही: ज्या सरकारला आपण जाब विचारू शकत नाही, त्याने चांगला कायदा केला तरी तो उपकार ठरतो, आणि उपकार परत घेता येतो. पण हेच तत्त्व घरात लावले तर? घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीने जाब कोणाला विचारायचा? उंबऱ्याबाहेरच्या सत्तेने उत्तर द्यावे आणि उंबऱ्याआतल्या सत्तेने देऊ नये, असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल? धर्मात ढवळाढवळ करणारा नेहमी बाहेरचाच असतो, हेही आपल्या परंपरेला मान्य नाही. चिंचवडहून चाकणला जाताना वाटेत इंद्रायणी लागते. याच नदीत देहूला तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या असे परंपरा सांगते, आणि तो हुकूम कोणा परक्याचा नव्हता, धर्माधिकारच सांगणाऱ्याचा होता. त्या प्रसंगी धर्म कोणाच्या बाजूला होता, याबद्दल महाराष्ट्राने कधी संशय बाळगलेला नाही.

हे केवळ पुण्यापुरते असते तर मी एवढे लांबवले नसते. इजिप्तमध्ये १८८२ पासून इंग्रजी फौज होती. नावाला तिथे खेदिव राज्य करीत होता, मंत्रिमंडळ होते. पण १८८४ मध्ये लंडनने स्पष्ट कळवले की इंग्रजांचा सल्ला मानणार नाही त्या मंत्र्याने पद सोडावे. हा सल्ला देणारा लॉर्ड क्रोमर हिंदुस्थानात कारभार शिकून गेला होता: व्हाइसरॉय नॉर्थब्रुकचा खाजगी चिटणीस, मग इथला अर्थमंत्री. १३ जून १९०६ ला दिनशवाई गावात गोरे अधिकारी गावकऱ्यांची पाळलेली कबुतरे मारायला गेले, झटापट झाली, एक अधिकारी उन्हाने मेला. खास न्यायालयाने चौघांना त्यांच्याच गावात फाशी दिली, आणखी काहींना फटके मारले. त्या न्यायालयाचा अध्यक्ष बुत्रोस घाली हा इजिप्शियनच, कॉप्ट ख्रिस्ती. १९०८ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि २० फेब्रुवारी १९१० ला इब्राहीम अल वरदानी या तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. वरदानीने सांगितलेली कारणे पाहण्यासारखी आहेत: सुदानचा करार, दिनशवाईचा निकाल, वृत्तपत्रांवरचा जुना कायदा पुन्हा लागू करणे, सुएझ कालव्याच्या सवलतीची मुदत वाढवण्याची योजना. धर्म यांत कुठेच नाही. जी गाऱ्हाणी चिंचवडच्या तरुणांनी धर्मात गुंडाळली ती त्याने उघडी ठेवली, असे म्हणता येईल. आणि तरीही मरणारा कॉप्ट आणि मारणारा मुसलमान एवढे पुरेसे झाले. १९११ मध्ये असयूतला कॉप्टांची परिषद भरली, तिला उत्तर म्हणून हेलिओपोलिसला दुसरी भरली, आणि परक्या सल्लागारांविषयीचा वाद देशातल्या दोन धर्मांच्या हिशेबाचा झाला. जाब न देणाऱ्या सत्तेखाली नुसते कारण राजकीय असून भागत नाही. लोकांना जी भाषा सरावाची झालेली असते ती त्याला ओढून घेते.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप असा की धर्मावाचून लोक उठलेच नसते. १८९३ नंतरचा सार्वजनिक गणेशोत्सव काढून टाका आणि मग महाराष्ट्रातली चळवळ उभी करून दाखवा. हे खरे आहे. कोरड्या घटनात्मक युक्तिवादावर कोणी लाठी खात नाही. पण धर्म माणसाला उभे करतो ही एक गोष्ट आणि धर्माचे कुंपण घालून आत कोण व बाहेर कोण हे ठरवणे ही दुसरी. दोन्ही एकत्रच येतात असे नाही, याचा दाखला इजिप्तनेच दिला. १९१९ च्या उठावात सर्जियस हा कॉप्ट पाद्री अल अझरच्या व्यासपीठावरून बोलला आणि चंद्रकोर व क्रूस एकाच निशाणावर आले. तिथेही धर्म होता, भरपूर होता. फक्त मागणी धर्म वाचवण्याची नव्हती; आमच्या देशाचा कारभार आमच्या संमतीने चालवा, अशी होती.

उरला रोगाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. प्लेग संमतीसाठी थांबत नाही. त्या साथीने पुढल्या काही दशकांत देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली. अशा वेळी अधिकाऱ्याने घरोघर जाऊन विचारत बसावे काय? मी म्हणेन, अधिकार त्याला असावाच. टिळकांचाही रोगी वेगळे ठेवण्याला विरोध नव्हता, त्यांनी स्वतः हिंदू प्लेग इस्पितळ उभारायला हातभार लावला. प्रश्न नंतर जाब देण्याचा आहे. आणि जाब देण्याची तयारी असली की सक्तीची गरज किती कमी लागते, हेही तेव्हाच दिसले होते. सावित्रीबाई फुले आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात रोगी आणून ठेवत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका मुलाला आणताना त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. लष्करी झडत्या सुरू झाल्या त्यानंतर तीन दिवसांनी. त्यांच्याकडे ना शिपाई होते ना चौथे कलम. शिवाय १८९७ मध्ये सरकारला तरी काय ठाऊक होते? पिसूमार्फत प्लेग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांडले. उकरलेल्या जमिनी आणि जाळलेली अंथरुणे हा पुष्कळसा अंदाजाचा खेळ होता. ज्याला खात्री नाही त्याने तर जास्तच उत्तरदायी राहायला हवे. सरकारलाही हे उमगले असावे, कारण १८९८ नंतर सक्ती सैल होत गेली.

मात्र तो चार कलमांचा कायदा राहिला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच लागू केला आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेचे सारे आदेश त्याच्याच आधाराने निघाले. त्या वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना जबर शिक्षा सांगणारी दुरुस्ती त्यात झाली, ती आवश्यकच होती. चौथे कलम कायम राहिले. आता सरकार आपले होते, निवडलेले होते, म्हणून १८९७ शी बरोबरी करणे चूक ठरेल. पण गाऱ्हाण्यांचे दार पाहण्यासारखे आहे. मंदिरे बंद ठेवल्याची तक्रार ऑगस्टमध्ये पंढरपूरच्या आंदोलनातून, ऑक्टोबरमध्ये थेट राज्यपालांच्या पत्रातून मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, तिच्यावर राज्यभर वाद झडले, आणि १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, प्रार्थनास्थळे उघडली. चाकण, भोसरी, तळवड्याच्या शेडमधले परप्रांतीय कामगार मे महिन्यात श्रमिक गाड्यांनी गावी निघाले तेव्हा त्यांचेही गाऱ्हाणे होते: टाळेबंदीच्या काळातले पूर्ण वेतन द्यावे असा केंद्राचा २९ मार्चचा आदेश होता, तो १८ मेपासून मागे घेतला गेला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा असे सुचवले. कंत्राटी कामगार तोवर आपल्या गावी पोहोचला होता. बोलणी करायची तर त्याने ती कोणाशी आणि कुठून करायची, हे कोणत्याच आदेशात लिहिलेले नव्हते.